ऑस्ट्रेलियातल्या नातेवाईकांसोबत कॅम्पर ट्रेलरची लांब सफर: व्हिसा, लायसन्स, परवाने आणि लागणारी कागदपत्रं

मुलगी मेलबर्नला, पुतण्या ॲडलेडला, कॉलेजचा मित्र ॲलिस स्प्रिंग्सला. मुलीच्या गाडीमागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे झोपण्याची-स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर, जोडायचा आणि महिना-दीड महिना सगळ्यांना भेटत फिरायचं, असा बेत पुण्या-मुंबईकडची बरीच मंडळी करतात. हॉटेलात राहायचं नसतं, मुक्काम रोज बदलतो, आणि नेमकं इथेच अर्ज भरताना हात अडखळतो. ‘राहण्याचा पत्ता’ म्हणून काय लिहायचं? मग घाईघाईत रद्द करता येणारी हॉटेल बुकिंग जोडली जातात. तसं करू नका. खरा बेत जसा आहे तसा, तारखांसह मांडला तर तो अर्जाला बळच देतो. बनावट किंवा दिशाभूल करणारी कागदपत्रं सापडली, तर हा व्हिसा नाकारला जातोच, शिवाय पुढची ३ वर्षं बहुतेक व्हिशांचा रस्ता बंद होऊ शकतो.

कोणता व्हिसा

भारतीय पासपोर्टधारकांसाठी व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००. त्यात आपल्या कामाचे प्रवाह दोन.

पहिला टुरिस्ट प्रवाह. नातेवाईक असोत वा मित्र, कोणाकडेही जाता येतं. प्रायोजक लागत नाही, निमंत्रण पत्र पुरतं. मुक्काम ३, ६ किंवा १२ महिन्यांपर्यंत मागता येतो. अर्जाची फी २०० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास असून ती साधारण दर १ जुलैला बदलते, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशीचा आकडा बघा.

दुसरा स्पॉन्सर्ड फॅमिली प्रवाह. यात तिथे स्थायिक झालेला नागरिक किंवा कायम रहिवासी नातेवाईक औपचारिक प्रायोजक होतो. आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं, काका-मामा-आत्या-मावशी, भाचे-पुतणे ही नाती चालतात. चुलत, मावस, आते, मामे भावंडं त्यात बसत नाहीत, मित्र तर नाहीतच. प्रायोजकाकडून ५,००० ते १५,००० डॉलरची अनामत मागितली जाऊ शकते. शिवाय या व्हिशावर ८५०३ ही अट हमखास लागते. म्हणजे तिथे असताना मुदत वाढवून घेण्याचा दरवाजा जवळजवळ बंद. आधी टुरिस्ट प्रवाहातूनच अर्ज करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. फॅमिली प्रवाह हा आधी नकार आलेल्यांसाठी किंवा स्वतःची आर्थिक बाजू कमकुवत असलेल्यांसाठी ठेवावा.

अर्ज कसा भरायचा

ऑस्ट्रेलियन सरकारच्या इमिअकाउंटवर खातं उघडून अर्ज ऑनलाइन करायचा. प्रत्येक माणसाचा अर्ज वेगळा, फी वेगळी. एकत्र जाणाऱ्यांचे अर्ज ‘ग्रुप’ करता येतात, ते जरूर करा. प्रत्येक फाइल ५ एमबीच्या आत ठेवा. बँकेचं २० पानी स्टेटमेंट रंगीत स्कॅन केलं की हमखास अडकतं, म्हणून बँकेकडून मिळालेली मूळ पीडीएफच जोडा.

फॉर्ममध्ये ‘ऑस्ट्रेलियात नातेवाईक, मित्र किंवा ओळखीच्यांना भेटणार का’ असा प्रश्न येतो. इथे फक्त मुलीचं नाव टाकून थांबू नका. वाटेत ज्यांच्याकडे उतरणार त्या सगळ्यांची नावं, नातं, पत्ता आणि तिथला त्यांचा व्हिसा किंवा नागरिकत्वाचा दर्जा भरा. मुख्य पत्ता म्हणून जिथे पहिले आणि शेवटचे दिवस जाणार ते घर द्या. सोबत एक पानी प्रवासपत्रक जोडा. ते साधारण असं असावं:

१ ते १० एप्रिल मेलबर्न, मुलीचं घर. ११ व १२ एप्रिल मेलबर्न ते ॲडलेड, सुमारे ७३० किमी, वाटेत कॅरव्हॅन पार्कमध्ये एक रात्र. १३ ते १६ ॲडलेड, पुतण्याचं घर. १७ ला पोर्ट ऑगस्टा, सुमारे ३१० किमी. १८ व १९ कूबर पेडी, आणखी ५४० किमी. २० व २१ युलाराकडे (उलुरूजवळचं गाव), सुमारे ७३५ किमी, दोन टप्प्यांत. पुढे ॲलिस स्प्रिंग्स, मित्राचं घर, आणि त्याच मार्गाने परत.

प्रत्येक ओळीत तारीख, गाव आणि झोपण्याची जागा असावी. कॅरव्हॅन पार्कची आगाऊ नोंदणी नसेल तर ‘पॉवर्ड साइट (विजेची जोडणी असलेली जागा), वाटेत ठरवणार’ असं सरळ लिहा. गाडी आणि ट्रेलर कोणाच्या नावावर आहे हेही लिहा आणि त्यांच्या रजिस्ट्रेशनची प्रत जोडा. सफर खरी आहे हे दाखवणारा याहून चांगला कागद नाही.

कागदपत्रं

स्वतःची: पासपोर्टचं मुख्य पान आणि जुन्या व्हिशांची पानं, फोटो, निदान ३ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं. नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि रजा मंजुरीचं पत्र, त्यात पुन्हा कामावर रुजू होण्याची तारीख हवी. निवृत्त असाल तर पेन्शनचा पुरावा, मुदत ठेवी, घराची कागदपत्रं. खात्यात किती रक्कम हवी याचा ठरलेला आकडा नाही. पण अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक ४ लाख जमा झालेले दिसले की शंका येते. पैसे मुलीने पाठवले असतील तर तिचं तसं पत्र जोडा. भारतात परतण्याची कारणं कागदावर दिसली पाहिजेत: इथे असलेला जोडीदार किंवा मुलं, शेती, दुकान, नोकरी.

यजमानांची: निमंत्रण पत्र, पासपोर्ट किंवा कायम रहिवासाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, खर्च तेच करणार असतील तर पगारपत्रकं. वाटेतल्या नातेवाईकांकडून आणि मित्रांकडून ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्याकडे राहतील’ एवढ्या चार ओळी पुरेत.

नात्याचा पुरावा हा आपल्याकडचा खरा दुखरा भाग आहे. आईचं लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं असतं. मुलीच्या जन्मदाखल्यावर ‘सुमन’, आईच्या पासपोर्टवर ‘सुनीता’. कुठे ‘देशपांडे’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला, महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. अर्जातही ‘पूर्वीचं नाव’ या रकान्यात माहेरचं नाव भरा. तो रकाना रिकामा सोडणं ही सर्रास होणारी चूक आहे. मराठीतला दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, पत्ता, फोन आणि पात्रता लिहिलेली हवी.

नातवंड आजी-आजोबांबरोबर जात असेल आणि आई-वडिलांपैकी कोणी सोबत नसेल, तर १८ वर्षांखालच्या मुलासाठी फॉर्म १२२९ वर आई-वडिलांची संमती द्यावी लागते.

वैद्यकीय तपासणी

वय ७५ किंवा जास्त असेल तर तपासणी लागते. भारतातून जाऊन ६ महिने किंवा अधिक राहणार असाल तर छातीचा एक्स-रेही लागतो. ही तपासणी ठरवून दिलेल्या पॅनल डॉक्टरकडेच होते आणि त्यासाठी इमिअकाउंटमधून एचएपी क्रमांक, म्हणजे तपासणीचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. फॅमिली डॉक्टरचं पत्र चालत नाही. म्हणून ट्रेलरची सफर दीड महिन्याची असताना उगाच १२ महिन्यांचा मुक्काम मागू नका, तपासण्या वाढतात. बायोमेट्रिक्ससाठी (बोटांचे ठसे आणि फोटो) पत्र आलं तर ते घेऊन व्हीएफएस या व्हिसा सेवा केंद्रात जायचं.

व्हिसा डिजिटल असतो, पासपोर्टवर शिक्का नसतो. मंजुरीपत्रात तीन गोष्टी वाचा: किती वेळा प्रवेश, प्रत्येक प्रवेशानंतर किती दिवस, आणि अटींचे क्रमांक. ‘३ वर्षांचा व्हिसा’ याचा अर्थ ३ वर्षं राहणं नव्हे. बहुधा दर खेपेला ३ महिनेच असतात, आणि ते उतरल्या दिवसापासून मोजायचे.

अट ८१०१ म्हणजे काम करायचं नाही. काही शेतांवर आणि कॅम्पिंगच्या जागांवर ‘दोन तास मदत करा, जागा फुकट’ अशी सोय असते. पैसे हातात आले नाहीत तरी ते काम धरलं जाऊ शकतं, तेव्हा जागेचं भाडं भरा आणि मोकळे व्हा.

गाडी कोण चालवणार

निघण्याआधी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा; २०२१ च्या नियमबदलापासून त्यासाठी व्हिसा किंवा वैद्यकीय दाखला सक्तीचा नाही. परिवहनच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४-अ, लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो. केंद्रीय नियमांप्रमाणे फी १,००० रुपये. वैधता १ वर्ष किंवा लायसन्स संपेपर्यंत, जे आधी येईल ते. मूळ लायसन्सशिवाय या परमिटला काही अर्थ नाही, दोन्ही जवळ ठेवा. लायसन्स इंग्रजीत असेल तर अनेक राज्यांत तेवढ्यावर भागतं, पण भाड्याची गाडी देणारे आणि विमा कंपन्या परमिट मागतात. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये तात्पुरत्या व्हिशावर परदेशी लायसन्स ६ महिने चालतं.

मुलीची गाडी बाबा चालवणार असतील तर तिने विमा कंपनीला आधी कळवून त्यांचं नाव ड्रायव्हर म्हणून घालावं. रजिस्ट्रेशनसोबतचा सक्तीचा विमा फक्त माणसांच्या दुखापतीचा असतो, दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. ट्रेलरची नंबर प्लेट, रजिस्ट्रेशन आणि बहुतेक वेळा विमाही वेगळा असतो.

माणसं वाढली की वजन वाढतं

चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसता येत नाही. प्रत्येकाला गाडीत सीटबेल्ट हवा, ७ वर्षांखालच्या मुलाला योग्य चाइल्ड सीट हवी. पाच सीटच्या गाडीत दोन मुलांचं कुटुंब आणि आजी-आजोबा मिळून सहा जण मावत नाहीत, हे तिकिटं काढण्याआधी मोजा.

आता ट्रेलरच्या दांड्यावरची पाटी बघा. तिच्यावर टेअर म्हणजे रिकामं वजन आणि एटीएम म्हणजे भरून जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. समजा टेअर १,३०० किलो, एटीएम १,८०० किलो. हातात राहिले ५०० किलो. पाण्याच्या टाक्या १६० लिटर, म्हणजे १६० किलो. भरलेले दोन गॅस सिलिंडर ३५ किलो. फ्रिज, अंथरुणं, ऑनिंग (बाजूला उघडायचं कापडी छत) १५०. भांडी, किराणा ६०. चौघांच्या बॅगा ९०. झाले ४९५, म्हणजे तांदळाची १० किलोची पिशवीही आता बसत नाही. शिवाय एटीएमच्या साधारण १० टक्के, म्हणजे १८० किलो, गाडीच्या हुकवर येतात आणि ते गाडीच्या भारक्षमतेतून वजा होतात. गाडीची क्षमता ६०० किलो, चार मोठी माणसं २८० आणि हुकवरचे १८०: उरले १४०. म्हणून सामान मागच्या टोकाला कोंबून हुकवरचा भार हलका करण्याचा मोह होतो. त्यानेच ट्रेलर वेगात डुलायला लागतो. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या वर, खाली तळाशी ठेवा. पाणी वाटेत भरून घेता येत असेल तिथे एक टाकी रिकामी ठेवा. मर्यादा ओलांडली तर दंड होतो आणि अपघातानंतर विमाही नाकारला जाऊ शकतो.

बॅगेत काय न्यायचं नाही

उतरताना प्रवासी कार्डावर सगळे खाद्यपदार्थ जाहीर करा. पेढे, बर्फी, गुलाबजाम अशा दुधाच्या मिठाया नेताच येत नाहीत. ताजा कढीपत्ता, पेरायचं बी, मातीने माखलेले बूट हेही नकोत. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेल्या वस्तूसाठी जागेवर मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. औषधं ३ महिने पुरतील एवढीच न्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह.

देशातल्या देशातही असे नियम आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना फळमाशीमुळे ताजी फळं आणि बऱ्याच भाज्या नेता येत नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात मधही नाही. मेलबर्नहून निघताना फ्रिज टोमॅटो-मिरच्यांनी भरू नका, ॲडलेडला पोहोचल्यावर बाजार करा.

वाटेतले परवाने

उलुरू-काटा ट्जुटा उद्यानाचा पास मोठ्यांना ३८ डॉलर, ३ दिवसांसाठी, १८ वर्षांखालच्यांना मोफत. उद्यानात मुक्काम करता येत नाही, ट्रेलर युलाराच्या कॅम्पग्राउंडमध्ये लावायचा. नॉर्दर्न टेरिटरीच्या बऱ्याच उद्यानांसाठी वेगळा पार्क्स पास एप्रिल २०२३ पासून लागतो, तो ऑनलाइन मिळतो. किंग्ज कॅन्यनहून ॲलिस स्प्रिंग्सकडे मेरीनी लूपने जायचं असेल तर तो रस्ता आदिवासींच्या मालकीच्या जमिनीतून जातो आणि मेरीनी टूर पास घ्यावा लागतो. त्या रस्त्याचा मोठा भाग कच्चा आहे. भाड्याचा ट्रेलर असेल तर कच्च्या रस्त्याची परवानगी भाडेकरारात आहे का ते आधी वाचा. नसेल तर स्टुअर्ट हायवेनेच जा: अंतर वाढतं, पण डांबर सलग मिळतं आणि वाटेत रोडहाउसवर (हायवेवरचा पंप आणि खाण्याची जागा) डिझेल भरता येतं.