थॉमस कप आणि सुदिरमन कप: संघ आपलाच, हिशेब निराळा

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर शटलपेक्षा गप्पाच जास्त उडतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, तिथे एका काकांनी वैतागून विचारलं, "अहो, तीन वर्षांपूर्वी जगज्जेते होते ना आपले लोक? मग आता गटातच कसे गारद झाले?" भारत तेव्हा चीनमधल्या शियामेनला डेन्मार्क आणि इंडोनेशिया या दोघांकडून १-४ असा हरून नुकताच बाहेर पडला होता. काकांचा राग खरा होता, फक्त त्यांनी दोन कपांची सरमिसळ केली होती. जिंकला होता तो थॉमस कप, हरलो तो सुदिरमन कप.

दोष सगळा काकांचा नाही. दोन्ही स्पर्धा देशादेशांच्या, दोन्ही दोन वर्षांतून एकदा, आणि दोन्हींत प्रत्येक लढत पाच सामन्यांची. तीन जिंकले की लढत खिशात. बातम्यांत दोन्हींना 'जागतिक सांघिक स्पर्धा' म्हणून मोकळे होतात. एरवी थॉमस कप सम वर्षी आणि सुदिरमन विषम वर्षी, एवढी खूण पुरायची. पण कोविडमुळे लांबलेला थॉमस कपही २०२१मध्येच झाला आणि तीही खूण पुसली गेली.

फरक आहे तो त्या पाच सामन्यांत कोण उतरतं याचा. थॉमस कप फक्त पुरुषांचा: तीन एकेरी, दोन दुहेरी. (त्याच गावी, त्याच दिवसांत महिलांचा उबेर कप चालतो, त्याचीही मांडणी हीच.) सुदिरमन कप मिश्र संघांचा: पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी, प्रत्येकी एक. म्हणजे एका कपात एकेरीचं पारडं जड, तर दुसऱ्यात दुहेरीचं. भारताच्या वाट्याला दोन्हीकडे जे आलं, ते बहुतेक या एका ओळीतून आलं.

२०२२चा बँकॉकचा थॉमस कप आठवा. उपांत्यपूर्व फेरीत मलेशिया समोर. लक्ष्य सेन हरला, सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी जिंकले, किदांबी श्रीकांत जिंकला, दुसरी दुहेरी गेली, आणि २-२ असताना एच. एस. प्रणॉयनं शेवटचा सामना काढून दिला. उपांत्य फेरीत डेन्मार्क, आणि पुन्हा अगदी तोच क्रम: लक्ष्यची हार, सात्त्विक-चिराग, श्रीकांत, दुसरी दुहेरी गेली, प्रणॉय. त्या सामन्यात रासमुस गेमकेविरुद्ध प्रणॉयचा पाय कोर्टावर घसरला, घोटा दुखावला, पहिला गेम १३-२१ असा गेला. पुढचे दोन त्यानं २१-९, २१-१२ असे घेतले. दुखऱ्या पायानं हा माणूस पुढे धावून जाळ्यालगत पडणारे ड्रॉप उचलत होता, ते बघताना आमच्या घरात कोणी खुर्चीवर टेकलं नव्हतं.

अंतिम फेरीत इंडोनेशिया, ३-०. लक्ष्यनं या वेळी मात्र अँथनी गिंटिंगला पहिला गेम ८-२१ असा देऊनही हरवलं. मुंबईचा चिराग आणि सात्त्विक दुसऱ्या गेममध्ये चार मॅच पॉइंट वाचवून परतले. मग श्रीकांतनं जोनाथन क्रिस्तीला २१-१५, २३-२१ असं हरवलं आणि तिथेच खेळ आटोपला. त्याआधी भारत १९७९ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला होता, आणि त्याहीआधी १९५२ आणि १९५५ साली. ते पन्नाशीचं दशक म्हणजे सांगलीच्या नंदू नाटेकरांचा काळ. तेव्हा एकेक लढत नऊ सामन्यांची असायची.

आता आकडेमोड बघा. आपल्याकडे एकेरीचे तीन तगडे खेळाडू आणि दुहेरीची एकच जागतिक दर्जाची जोडी. थॉमस कपात ही शिदोरी पाचपैकी चार सामन्यांना पुरते. दुसरी दुहेरी जोडी हरली तरी चालतं, आणि मलेशिया, डेन्मार्कविरुद्ध ती हरलीच. तोच संघ सुदिरमनला नेला, की श्रीकांत, प्रणॉय, लक्ष्य यांतला एकच खेळणार, उरलेले दोघे बाकावर. त्या जागी महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी येतात. शियामेनला तर सात्त्विक-चिरागही आजारपणामुळे नव्हते.

दुहेरीची ही तूट महिलांच्या बाजूनंही दिसते. २०१४ मध्ये दिल्लीत उबेर कपाच्या उपांत्य फेरीत सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू या दोघींनी आपापली एकेरी जिंकली. २-२ झालं. शेवटच्या दुहेरीला मग त्या दोघींनाच एकत्र उतरवावं लागलं आणि जपानपुढे सामना गेला. कांस्यपदक मिळालं, २०१६ मध्ये आणखी एक मिळालं. पण एकेरीच्या दोन राण्यांना दुहेरीला जुंपावं लागतं, यातच सगळं आलं.

सुदिरमनमध्ये भारत उपांत्यपूर्व फेरीपलीकडे कधी गेलेला नाही. २०११ आणि २०१७ या दोनदा तिथवर पोचलो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला इंडोनेशियाला चक्क ४-१ असं झोपवलं होतं, पुढे चीननं ०-३ असं आपल्याला झोपवलं.

आणि हे फक्त आपलंच रडगाणं नव्हे. सुदिरमन कप ज्यांच्या नावाचा, ते डिक सुदिरमन इंडोनेशियाच्या बॅडमिंटन संघटनेचे संस्थापक. करंडकाचं झाकण बोरोबुदूरच्या स्तूपासारखं. पहिली स्पर्धा १९८९ साली जकार्तामध्ये झाली, अंतिम फेरीत इंडोनेशिया कोरियाविरुद्ध ०-२ असा मागे होता, सुसी सुसांतीनं एकेरीत लढत जिवंत ठेवली आणि त्यांनी ३-२ अशी बाजी मारली. त्यानंतर आजवर एकदाही नाही! याच देशानं थॉमस कप १४ वेळा जिंकलाय. उलट सुदिरमनची १४ विजेतेपदं चीनच्या नावावर आहेत, कारण पाचही प्रकारांत त्यांच्याकडे माणसं असतात.

काकांना हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग इंडोनेशियाविरुद्ध तो एक तरी सामना कोणी काढला?" ध्रुव कपिला आणि तनिषा क्रास्टो यांनी, मिश्र दुहेरीत. तनिषा मूळची गोव्याची, जन्म दुबईचा. पहिला गेम १०-२१ असा गमावून दोघांनी पुढचे दोन घेतले, आणि भारत १-० असा पुढे होता. पुढचे चारही सामने गेले.