स्वयंसेवेचा सौना

ज्याला राखणदार नाही, तिकीट नाही आणि आधी तापवून ठेवणारा नोकरही नाही, असा उघड्यावर बांधलेला लहान लाकडी सौना, म्हणजे तापलेल्या दगडांच्या उबेत घाम काढायची खोली. जो येतो तोच लाकडे आणतो, भट्टी पेटवतो, घाम काढतो आणि निघताना बाकावरची पाने झाडून जातो. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फिनलंडच्या राजधानीतले, हेलसिंकीचा सोम्पासौना. (आपल्याकडच्या हॉटेलांच्या पाट्यांवर 'सॉना' लिहितात, फिनिश लोक 'सौना' म्हणतात आणि तो उच्चार मराठी जिभेला सोपाच आहे.)

साधारण ५५ लाख लोकवस्तीच्या फिनलंडमध्ये सौन्यांची संख्या ३० लाखांच्या वर धरतात. घरात नसेल तर इमारतीच्या तळघरात असतो आणि प्रत्येक बिऱ्हाडाची आठवड्यातली पाळी ठरलेली असते. घरोघरी सोय नव्हती त्या काळात शहरांच्या कामगार वस्त्यांत सार्वजनिक सौने चालत. ताम्पेरे शहरातला रायापोर्त्ती (१९०६) आणि हेलसिंकीचा कोतिहार्यू (१९२८) हे त्यांपैकी आजही चालू आहेत. बाकीचे बहुतेक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडले. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने फिनिश सौना संस्कृतीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. आज घरोघरी सौना असताना स्वयंसेवेच्या सौन्याकडे लोक घरी सोय नाही म्हणून येतात असे नाही. अनोळखी माणसांशेजारी बसायला येतात. बसमध्ये शेजारची जागा रिकामी ठेवणारा फिनिश माणूस इथे खांद्याला खांदा लावून बोलू लागतो, हे पाहुण्यांना फार नवलाचे वाटते.

सोम्पासौन्याचा जन्म अगदी बेकायदा. हेलसिंकीचे मालवाहू बंदर २००८ मध्ये वुओसारी भागात हलले आणि जुन्या बंदराची सोम्पासारी इथली जागा नव्या वस्तीची वाट पाहत मोकळी पडली. २०११ मध्ये काही जणांना तिथे टाकून दिलेली सौन्याची भट्टी सापडली. भंगारातल्या फळ्या जमवून त्यांनी तिच्याभोवती खोपटे उभे केले. परवानगी कोणी मागितली नव्हती, त्यामुळे पालिकेने ते पाडले. लोकांनी पुन्हा बांधले. शेवटी वापरणाऱ्यांनी संस्था काढली, कागदपत्रे झाली आणि पाडणाऱ्या पालिकेनेच पुढे त्याचा गौरव केला. बांधकामे जवळ सरकत गेली तसतसा सौनाही हलत राहिला आणि मुस्तिक्कामा बेटावर गेला. दिवसरात्र, बाराही महिने उघडा आणि फुकट, हा मूळ शिरस्ता मात्र त्याने सोडला नाही.

न्हाणीघरातला तांब्याचा बंब ज्यांनी पेटवला आहे त्यांना इथले काम नवे नाही. ढलप्यांची जागा बर्च झाडाच्या सालीने घ्यायची: तिच्यात तेल असते, त्यामुळे ती ओलसर असली तरी धरते. वर बारीक चिरफळ्या, मग फोडलेली लाकडे. भट्टीच्या माथ्यावर दगडांची रास असते, आणि हवा गरम झाली म्हणजे सौना तापला असे नव्हे. दगड आतपर्यंत तापायला तासभर सहज लागतो. परीक्षा सोपी आहे. ओगराळेभर पाणी टाकावे. दगडांवरून ओघळत खाली ठिबकले तर थांबायचे. चर्र होऊन तिथल्या तिथे नाहीसे झाले तर चढायचे. आपण पोचतो तेव्हा भट्टी पेटलेली असली तर नशीब. मग आपली लाकडे पुढच्यासाठी जातात.

दगडांवरून उठणाऱ्या वाफेला 'लोयलू' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ श्वास, प्राण. हंगेरियनमध्ये 'आत्मा' या अर्थाचा 'लेलेक' हा त्याचाच भाऊबंद. वरच्या बाकावर तापमान ७० ते १०० अंश सेल्सियस असते, तरी कोरड्या हवेत ते सोसते. ओगराळे रिकामे झाले की एक क्षण काहीच घडत नाही, मग छताला लागून आलेली वाफ कानांच्या पाळ्यांवर आणि खांद्यांवर उतरते. तापमापकाचा आकडा फारसा हलत नाही; पण वाफ त्वचेवर पाणी होऊन बसते आणि आपली उष्णता तिथेच सोडते. म्हणून पाणी टाकण्याआधी बाकीच्यांना विचारायचे. समुद्र दहा पावलांवर असला तरी त्याचे पाणी दगडांवर टाकायचे नाही, मिठाने भट्टी गंजते. रंगवलेली फळी किंवा कचरा जाळायचा नाही. बसायला आपला पंचा. पोहण्याचे कपडे घालावेत की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. स्त्री-पुरुष एकत्र बसतात आणि टक लावून पाहणे हाच खरा असभ्यपणा. बर्चच्या पानांची जुडी अंगावर हलके मारून घेतात. तिला पश्चिम फिनलंडमध्ये 'विहता' म्हणतात, पूर्वेत 'वास्ता', आणि बरोबर नाव कोणते यावर वाद घालायला सौन्यासारखी जागा नाही. घाम पुरेसा आला की समुद्रात उडी, हिवाळ्यात बर्फ फोडून केलेल्या भोकात.

या सगळ्याला आपल्याकडे एक जुना शेजारी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या १४व्या अध्यायात स्वेदनाचे, म्हणजे घाम काढण्याच्या उपचाराचे, १३ प्रकार सांगितले आहेत. त्यांतला 'जेंताक' म्हणजे जलाशयाजवळ बांधलेले गोल, मातीने लिंपलेले घर. भिंतीलगत बसायला ओटा, मध्ये खैरासारखे लाकूड जाळायची भट्टी, आणि धूर निघून गेल्यावरच आत प्रवेश. फिनलंडच्या धुराड्याविना तापणाऱ्या 'सावुसौन्या'तही लोक धूर गेल्यावरच शिरतात. दोघांचा संबंध जोडण्याचे कारण नाही, पण आगीने सारखीच युक्ती सुचवलेली दिसते. नियम मात्र उलटे आहेत. घामाने घेरी आली तरी ओटा सोडू नको, असे चरक बजावतो, कारण घेरी आलेल्या माणसाला दार सापडत नाही. बाहेर आल्यावर एकदम थंड पाण्याला शिवू नको, डोळे जप, असेही तो सांगतो.

जेंताकात रोग्याला सूचना देणारा वैद्य असतो. राखणदार नसलेल्या सौन्यात तो नाही, म्हणून इथे चरकाचे न ऐकता अस्वस्थ वाटताच खालच्या बाकावर उतरावे आणि बाहेर पडावे. दारू पिऊन किंवा एकट्याने बर्फाच्या भोकात उतरू नये. कोण जास्त वेळ टिकतो याची पैज तर नकोच: हेइनोला गावी १९९९ पासून सौन्यात बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे, ती २०१० मध्ये ११० अंशांच्या अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा मृत्यू झाल्यावर बंद झाली. न दिसणारा धोका धुराड्याच्या झडपेचा. ऊब टिकावी म्हणून निखारे असतानाच ती बंद केली तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो, आणि त्याला वासही नसतो. राख काढायचीच झाली तर लोखंडी बादलीत, आणि बादली लाकडी भिंतीपासून दूर. वरून पांढरी पडलेली राख पोटात दुसऱ्या दिवसापर्यंत निखारा धरून ठेवते.