डोहाळे

गर्भारपणात एखाद्या पदार्थाची, क्वचित अखाद्य वस्तूचीही, लागणारी अनिवार ओढ. ‘सत्तेचे डोहाळे’ हा लाक्षणिक वापर परिचितच आहे.

शब्द प्राकृतातून आला, यात दुमत नाही. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र ‘दोहद’ (डोहाळ्यासाठीचा संस्कृत शब्द) यातील एका ‘द’चा विकल्पाने ‘ड’ आणि दुसऱ्याचा ‘ल’ होतो, असे दोन निरनिराळ्या सूत्रांत सांगतो. मराठी रूपात दोन्ही बदल एकत्र आले आहेत (तुलनेसाठी : कदंब-कळंब). वाद आहे तो ‘दोहद’च्या मुळाविषयी. सुश्रुतसंहितेप्रमाणे चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून दोन हृदयांची ती गर्भवती ‘दौहृदिनी’. चरकसंहिता ही अवस्था तिसऱ्या महिन्यात धरते व तिला ‘द्वैहृदय्य’ म्हणते. दुसरे मत ‘दौर्हृद’ म्हणजे जिवाची अस्वस्थता, असे. औकाराचा ओकार होणे प्राकृतात नेहमीचे असल्याने हेच मत अधिक सयुक्तिक दिसते. दोन हृदयांची उपपत्ती वैद्यांनी मागाहून बसवली असावी.

नाशिककरांना जवळचा उल्लेख भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त (बहुधा आठव्या शतकाचा पूर्वार्ध) सापडतो. वनवासाची चित्रे पाहताना गर्भवती सीतेला पुन्हा अरण्यात हिंडावे, भागीरथीत उतरावे असे वाटते. हा डोहाळा खाण्याचा नव्हे, पण तिला वनात धाडण्याचे निमित्त तोच ठरतो. तिसरा अंक पंचवटीच्या परिसरात घडतो. ही पंचवटी नाशिकची, अशी परंपरा दृढ आहे. भद्राचलमजवळील पर्णशालेचाही तसाच दावा आहे.

डोहाळा अपुरा राहिल्यास गर्भात व्यंग येते, हे सुश्रुताचे मत आज ग्राह्य नाही. चरकाचा सल्ला मात्र टिकाऊ आहे : इच्छा तीव्र असेल तर अहितकर वस्तूही हितकर पदार्थात मिसळून द्यावी. माती, खडू, राख, कच्चे तांदूळ यांची ओढ अनेकदा लोहाच्या कमतरतेबरोबर आढळते. तेव्हा नुसते दटावण्यापेक्षा हिमोग्लोबिन तपासून घेणे बरे. सरकारी कार्यक्रमात गर्भवतीस रोज 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी किमान 180 दिवस दिली जाते. गोडाच्या डोहाळ्यांत साखरेकडे लक्ष हवे. 75 ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी रक्तशर्करा 140 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक भरल्यास गर्भावस्थेतील मधुमेह समजतात. अशा वेळी निफाड-दिंडोरीची द्राक्षेही घडाने नव्हे, मोजून खावीत.

सातव्या महिन्यातील डोहाळजेवणासाठी पहा : डोहाळजेवण.