रानटर्कीची वसंतपूर्व टेहळणी

रानटर्कीची वसंतपूर्व टेहळणी : उत्तर अमेरिकेतील रानटर्की (मेलिअ‍ॅग्रिस गॅलोपावो) ह्या पक्ष्याच्या वसंतातील शिकारीचा हंगाम उघडण्यापूर्वी रानात फिरून, कान देऊन आणि खुणा वाचून नरांचा ठावठिकाणा काढण्याची पद्धत. ती प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडाचा दक्षिण भाग आणि उत्तर मेक्सिको येथे रूढ आहे. टेहळणी साधारणतः हंगामाआधीच्या तीन-चार आठवड्यांत होते. पक्षी डोळ्यांनी दिसलाच पाहिजे असे नाही. पक्ष्याला माणसाची चाहूल लागू नये, ही मात्र तिची पहिली अट होय.

रानटर्की ही मोर आणि रानकोंबडा ज्या कुलात मोडतात त्याच फॅजिअ‍ॅनिडी कुलातील. तिच्या सहा उपजाती मानल्या जातात : पूर्वेकडील, फ्लॉरिडातील ऑसिओला, रिओ ग्रँडे, मेरिअम, गूल्ड आणि दक्षिण मेक्सिकन. शेवटची उपजाती पाळीव टर्कीची पूर्वज होय. पाळीव टर्की पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यास पोहोचली. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने ती गोव्याहून जहांगीराच्या दरबारी नेली व उस्ताद मन्सूराने तिचे चित्र काढले. 

मेरिअम उपजातीच्या मूळाविषयी मात्र वाद आहे. नैर्ऋत्य अमेरिकेतील प्राचीन प्वेब्लो लोक टर्की पाळत. त्यांच्या कळपांतून सुटून रानटी झालेल्या पक्ष्यांपासून मेरिअम टर्की उत्पन्न झाली, असे मत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या (मातेकडून येणाऱ्या आनुवंशिक द्रव्याच्या) अभ्यासात प्वेब्लोंच्या पाळीव पक्ष्यांतील प्रमुख वंशरेषा पूर्वेकडील व रिओ ग्रँडे उपजातींच्या अधिक जवळची आढळली; स्थानिक मेरिअम पक्ष्यांशी जुळणारी रेषा त्यांत अल्प प्रमाणात होती. त्यामुळे मेरिअम ही मूळची रानटीच, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. टेहळणीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की मेरिअम टर्की डोंगराळ पाँडेरोसा पाइनच्या रानांतली असून ऋतूनुसार उंची बदलते. बर्फ वितळत जाते तसे तिचे थवे वर सरकतात. मार्चमध्ये खालच्या कुरणात पाहिलेला नर एप्रिलअखेर तेथे असेलच असे नाही.

इतिहास : टर्कीच्या पंखाच्या हाडाची नळी करून मादीचा आवाज काढण्याची कला मूळ अमेरिकन जमातींकडून आली, हे बहुतेक सर्व अभ्यासक मान्य करतात. तिचे वय किती हे सांगणे कठीण. टेनेसी राज्यातील काही प्राचीन वस्त्यांत सापडलेल्या हाडांना अशा शिट्ट्या मानून ही कला काही हजार वर्षे मागे नेली जाते. हाडावरची झीज शिट्टीची की दुसऱ्या कशाची, हे प्रत्येक वेळी सिद्ध होत नाही, तेव्हा ह्या कालनिर्णयाकडे सावधपणे पाहणे बरे. तोंडात टाळूला लावायच्या पडद्याच्या शिट्टीचे एकस्व (पेटंट) १८६७ मध्ये आणि लाकडी पेटीच्या वाद्याचे एकस्व १८९७ मध्ये दिले गेले.

एकोणिसाव्या शतकात जंगलतोड आणि बाजारासाठी झालेली शिकार ह्यांमुळे रानटर्की झपाट्याने घटली. मॅसॅचूसेट्समध्ये ती १८५१ च्या सुमारास नामशेष झाली. १९३० च्या दशकापर्यंत देशभरात दोन लाखांहून कमी पक्षी उरले असावेत, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचे प्रयत्न फसले. असे पक्षी रानात का तगत नाहीत, ह्याचे अनुवंशाच्या अंगाने विवेचन वन्यजीवशास्त्रज्ञ ए. स्टार्कर लिओपोल्ड यांनी १९४४ मध्ये मिझूरीतील पाहणीवरून केले. यश आले ते रानटी पक्षीच तोफजाळ्याने (स्फोटाने थव्यावर उडवायच्या जाळ्याने) पकडून दुसऱ्या रानात सोडल्यावर. ही रीत १९५० च्या दशकात दक्षिण कॅरोलायनात रुळली. बंदुका व दारूगोळ्यावरील कराचा पैसा १९३७ च्या पिट्मन-रॉबर्टसन कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळू लागला होता. पुनर्वसनाचा बराच खर्च त्यातून झाला. मॅसॅचूसेट्समध्ये १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कहून ३७ पक्षी आणून सोडले आणि आज त्या राज्यात ते गावांच्या रस्त्यांवरही दिसतात. अलास्का वगळता सर्व राज्यांत आता रानटर्की आहे.

आजची टेहळणी ह्या पुनर्वसनाचेच अपत्य आहे. पूर्वी टर्कीची शिकार मुख्यतः शरद ऋतूत होई व तीत नर-मादी दोन्ही मारले जात. संख्या वाढल्यावर राज्यांनी फक्त नरांसाठी वसंताचे हंगाम सुरू केले. एका नराचे अनेक माद्यांशी मीलन होत असल्याने, मीलनाचा भर ओसरल्यावर काही नर कमी झाले तरी प्रजननास फारसा धक्का लागत नाही, असे त्यामागचे गणित. मिझूरीतील पहिला आधुनिक हंगाम १९६० मध्ये झाला : १४ काउंट्या, तीन दिवस आणि ९४ पक्षी. पेनसिल्व्हेनियात वसंत हंगाम १९६८ मध्ये आला. शरद ऋतूत थवा उधळून, पांगलेल्या पक्ष्यांना पुन्हा बोलावण्याची चाल होती. वसंतात तिचा उपयोग नाही. नर कोठे झोपतो आणि उतरून कोणीकडे जातो हे आधी कळल्याखेरीज मादीचा आवाज काढून त्याला बोलावता येत नाही.

गॉबल व त्याचा काळ : टेहळणीचा कणा म्हणजे नराची साद, गॉबल. नर झाडावरच्या रातथाऱ्यावरून सूर्योदयाच्या सुमारे अर्धा तास आधी साद घालू लागतो आणि खाली उतरल्यावर, विशेषतः माद्या जवळ असतील तर, पुष्कळदा गप्प होतो. शांत हवेत साद दीड-एक किलोमीटरवरून ऐकू येते. वारा, पाऊस आणि नवी पालवी यांनी हे अंतर खूप घटते.

हंगामभरात सादीचा जोर केव्हा असतो, ह्यावर एकमत नाही. १९७० च्या दशकात दक्षिण कॅरोलायनातील निरीक्षणांवरून दोन शिखरे सांगितली गेली : पहिले हिवाळी थवे फुटतात तेव्हा, दुसरे बहुसंख्य माद्या अंड्यांवर बसल्यावर. दुसऱ्याचे स्पष्टीकरण असे, की माद्या उबवणीत गुंतल्याने एकटा पडलेला नर पुन्हा ओरडू लागतो. हे चित्र पुढे जवळजवळ नियम म्हणून सांगितले गेले आणि अनेक राज्यांनी हंगामाच्या तारखा दुसऱ्या शिखराशी जुळवल्या. गेल्या पंधरा-वीस वर्षांत झाडांवर स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावून झालेल्या अभ्यासांत मात्र दोन शिखरे सर्वत्र दिसत नाहीत. ती स्थळानुसार व वर्षानुसार बदलतात. शिवाय शिकार सुरू होताच साद घटते, आणि जेथे शिकार होत नाही तेथे ती अधिक काळ टिकते. दिवसमानातील वाढ हे मूळ चालक कारण आहे, ह्याबद्दल फारसे दुमत नाही. ध्वनिमुद्रकांचा पुरावा मानवी कानाच्या तुरळक नोंदींपेक्षा भक्कम आहे. जुन्या निरीक्षणांत शिकारीचा परिणाम आणि माद्यांच्या उबवणीचा परिणाम वेगळे काढलेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

ह्या वादाची झळ तारखांनाही लागली. आग्नेय राज्यांत पिलांचे प्रमाण घटल्याने जॉर्जियाने २०२२ मध्ये व टेनेसीने २०२३ मध्ये हंगाम लांबणीवर टाकला. टेनेसीत तो दोन आठवडे पुढे गेला. त्याने घरटी अधिक यशस्वी झाल्याचे तेथील पाहणीत स्पष्ट दिसलेले नाही.

खुणा : हिवाळ्यात नर आणि माद्या बहुधा वेगवेगळ्या थव्यांत राहतात व मक्याच्या खुंटांची शेते, गोठ्यांचे परिसर अशा खाद्याच्या जागी गर्दी करतात. मार्च-एप्रिलमध्ये हे थवे फुटतात. माद्या घरट्यासाठी कधी कधी काही किलोमीटर दूर जातात आणि नर त्यांच्यामागे जातात. म्हणून जानेवारीत पाहिलेल्या मोठ्या थव्यावर विसंबणे ही टेहळणीतील सर्वांत सामान्य चूक ठरते.

रातथाऱ्याची झाडे उंच, आडव्या फांद्यांची आणि पुष्कळदा उताराच्या वरच्या भागात किंवा पाण्याच्या काठी असतात. रिओ ग्रँडे टर्की नदीकाठचे कॉटनवुड वृक्ष (पॉप्लरचा एक प्रकार) पसंत करते. झाडाखाली पिसे व विष्ठा साचते. नराची विष्ठा लांबट व एका टोकाला वळलेली, मादीची गोळा झालेली. नराच्या छातीच्या पिसाचे टोक काळे, मादीचे फिकट तपकिरी. पाचोळा उकरताना टर्की तो मागे फेकते, त्यामुळे उकरल्याच्या आकारावरून थव्याची दिशा कळते. नराचा ठसा मादीपेक्षा मोठा असून मधले बोट ठळक लांब असते. ओलसर मातीत ठशांच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा दिसल्या, तर तेथे नराने पिसारा फुलवून पंखांची टोके घासत फेऱ्या मारल्या आहेत असे समजावे. ही खूण सर्वांत मोलाची, कारण नर अशा मोकळ्या जागी दिवसेंदिवस परततो.

सायंकाळी दूर बसून पक्षी झाडावर चढतानाचा पंखांचा फडफडाट ऐकणे आणि पहाटे अंधारात उंच धारेवरून साद ऐकणे, ही टेहळणीची दोन नेहमीची कामे. नर गप्प असेल तर बार्ड घुबडाचा घुत्कार किंवा कावळ्याचा आवाज काढतात. दचकून नर साद देतो. मादीचा आवाज मात्र हंगामाआधी काढू नये, असे जाणकार बजावतात. बोलावण्यावर आलेल्या नराला मादी सापडली नाही, तर तो पुढच्या वेळी सावध होतो. टर्कीचे वासाचे इंद्रिय दुबळे पण दृष्टी फार तीक्ष्ण असल्याने, साद ऐकू आली की नकाशावर खूण करून मागच्या मागे परतणे हेच योग्य.

नियम : बहुतेक राज्यांत दाणे टाकून टर्की बोलावणे बेकायदा आहे. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी स्वयंचलित कॅमेरे वापरण्यास बंदी केली. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा व निळा रंग असतो. ह्या रंगांचे कपडे घालून रानात जाणाऱ्यास दुसरा शिकारी चुकून टर्की समजण्याचा धोका असतो, म्हणून ते टाळण्याची सक्त सूचना दिली जाते.

गूल्ड टर्कीचा मुख्य प्रदेश मेक्सिकोतील पश्चिम सिएरा माद्रे हा होय. तेथील टेहळणी बहुतांशी स्थानिक गुराखी व वाटाडे यांच्या तोंडी माहितीवर चालते.