पत्र्याखालचा रेडिओ

स्कॅनर, म्हणजे बिनतारी संभाषणं नुसती ऐकायचा रेडिओ घेतला, त्यासोबत आलेला वीतभर रबरी अँटेना लावला आणि रात्रभर नुसती खरखर ऐकली. माझी सुरुवात ही अशी. घर जुनं, डोक्यावर लोखंडी पत्रा. मे महिन्यात हा पत्रा काय करतो ते सोलापूरकरांना सांगायला नको, पण रेडिओलहरींचंही तो काही चालू देत नाही. लहर त्यावर आदळली की आल्या वाटेने परत फिरते. स्लॅबच्या घरात थोडं बरं असतं, तरी काँक्रीट आणि सळयांची जाळी मिळून बराच सिग्नल खातात. शेवटी वैतागून तोच स्कॅनर हातात घेऊन शिडीने पत्र्यावर चढलो. 145 मेगाहर्ट्झच्या आसपास दोन हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी उन्हाबद्दल कुरकुरत होती, अगदी स्वच्छ! अँटेना तोच, फक्त तो पत्र्याच्या वर आला होता.

म्हणून महागडा अँटेना शोधण्याआधी उंची बघावी. एक सोपा हिशेब आहे: उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढा आणि त्याला 4.12 ने गुणा. उत्तर येतं ते तुमचं रेडिओ-क्षितिज, म्हणजे साधारण कुठवरचं ऐकू येईल ते, किलोमीटरमध्ये. 4 मीटरवर साधारण 8, 10 मीटरवर 13. समोरच्याचा अँटेना उंच असेल तर त्याचंही क्षितिज यात मिळवायचं. आपला मुलूख सपाट, आड यायला डोंगर नाही, त्यामुळे इथे हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

मग लांबी. 300 ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. 145 साठी ती 2.07 मीटर, तिचा पाव भाग 52 सेंटीमीटर. धातूच्या तारेत ती थोडी आखूड धरावी लागते, म्हणून 49. रबरी अँटेनात हीच लांबी स्प्रिंगसारखी गुंडाळून बसवलेली असते. खिशाला सोयीची, कानाला नाही.

माझा पहिला घरगुती अँटेना अर्थिंगच्या तांब्याच्या तारेचा. केबलच्या सॉकेटच्या मधल्या पिनेला 49 सेंटीमीटरची एक तार उभी डाखली आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत त्याहून जराशा लांब चार तारा बसवून अर्धवट उघडलेल्या छत्रीसारख्या खाली झुकवल्या. झुकवण्याला कारण आहे. तारा आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा रोध 36 ओहमच्या आसपास राहतो, 45 अंशांत वाकवल्या की तो 50 च्या जवळ येतो, आणि स्कॅनरला तेवढाच हवा असतो. तार कापताना सेंटीमीटरभर जास्तच ठेवा. कापता पुन्हा येते, वाढवता येत नाही. एवढाही खटाटोप नको असेल तर गाडीच्या टपावर लावतात तो चुंबकाचा अँटेना थेट पत्र्यावर चिकटवा. ज्या पत्र्याने मला रात्रभर छळलं, तोच मग त्या चार झुकत्या तारांचं काम करून मदत करतो.

पूर्वी घरोघरी असलेला, फण्यासारखा टीव्हीचा अँटेना आठवतो? एकाने गच्चीवर तो फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडायचं. तो यागी-उदा, 1926 मध्ये जपानमध्ये जन्मलेला. एका दिशेचं लांबचं ऐकायला अजूनही तो उत्तम. पण टीव्हीसाठी त्याच्या काड्या आडव्या असत, आणि वॉकीटॉकीच्या लहरी उभ्या असतात. उभी लहर आडव्या काडीवर पकडायला गेलात तर व्यवहारात शंभरातला एखादाच भाग हाती लागतो. जुना अँटेना तसाच जोडून ‘काहीच येत नाही’ म्हणणारे बहुतेक इथेच फसतात.

डिस्कोन हा आणखी एक अँटेना: वर थाळी, खाली सळ्यांचा शंकू. तो खूप मोठा पट्टा ऐकतो, पण कुठल्याच कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) खास जोर लावत नाही. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणून त्याला हिणवतात; मला ते अन्यायाचं वाटतं. काय ऐकायचं हेच ठरलं नसेल तर तोच घ्यावा.

केबलकडे मात्र कुणी बघत नाही. पातळ आरजी-58 ची 15 मीटर केबल 150 मेगाहर्ट्झला जवळजवळ निम्मा सिग्नल वाटेतच संपवते. डिश टीव्हीची आरजी-6 पाव भागाच्या आसपास खाते आणि स्वस्तही पडते. ती 75 ओहमची, स्कॅनर 50 चा, हे खरं. पण त्या फरकाने जाते जेमतेम 4 टक्के शक्ती. अॅम्प्लिफायर लावायचाच तर वर, अँटेनाशी. खाली लावला तर तो केबलने खाऊन उरलेल्या सिग्नलसोबत गोंगाटही मोठा करतो. हलक्या एलईडी दिव्यांची आणि मोबाइलच्या चार्जरची खरखर आधीच पुरेशी असते.

दोन गोष्टींत हयगय नको. काठी आडवी पडली तरी विजेच्या तारांपर्यंत पोचता कामा नये. सिद्धेश्वराच्या यात्रेत उंच नंदीध्वज पेलणाऱ्या गावाला काठीचं भय नसलं तरी 11 हजार व्होल्टचं असावं. आणि काठीला अर्थिंग हवंच. वळवाचे ढग दिसण्याआधीच केबल काढून खिडकीबाहेर टाकायची. स्कॅनर बाळगण्याचे परवान्याचे नियमही बघून घ्या. पोलिसांच्या वायरलेसला कान लावणं हा छंद नव्हे.

ऐकायला आकाश आहेच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 400 किलोमीटर उंचीवरून जातं आणि अधूनमधून 145.800 मेगाहर्ट्झवर बोलतं. एक गंमत अशी, की ते बरोबर डोक्यावर आलं की उभ्या अँटेनात आवाज बसतो, कारण उभ्या तारेला आपल्या टोकाच्या दिशेचं ऐकू येत नाही. त्यावर उपाय म्हणून मी काठी जरा तिरपी बांधली आहे. शेजारचे काका रोज सकाळी विचारतात, “काय ओ, काठी वाकडी झाली की तुमची!”