डेटा सेंटरमधील टाकाऊ उष्णतेचा पुनर्वापर

डेटा सेंटरमध्ये माहिती साठवणाऱ्या आणि तिच्यावर प्रक्रिया करणाऱ्या संगणकांना, म्हणजे सर्व्हरना, दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता वातावरणात न सोडता घरे, इमारती किंवा जलतरण तलाव तापवण्यासाठी वापरण्याला टाकाऊ उष्णतेचा पुनर्वापर म्हणतात. अर्थात, आधी वीज वाचवायची आणि मग उरलेल्या उष्णतेकडे वळायचे, हाच क्रम योग्य.

डेटा सेंटरची कार्यक्षमता सहसा ‘पीयूई’ या गुणोत्तराने मोजतात : केंद्राला लागलेली एकूण वीज भागिले संगणकीय उपकरणांना लागलेली वीज. हा आकडा १ च्या जितका जवळ, तितका शीतकरण आणि इतर सोयींवरचा खर्च कमी. गुगलच्या केंद्रांची सरासरी १.१ च्या आसपास आहे. त्यासाठीचे बरेच उपाय साधे असतात. सर्व्हर ठेवलेल्या उभ्या मांडण्यांच्या, म्हणजे रॅकच्या, पुढची गार हवा आणि मागची गरम हवा एकमेकींत मिसळू नये म्हणून रॅकच्या रांगांमधल्या मार्गिका बंदिस्त करतात, रॅकमधल्या रिकाम्या खाचाही झाकतात. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस चालते, अशी ‘ॲश्रे’ या अभियंता-संस्थेची शिफारस आहे. त्यामुळे खोली उगाच गारठवावी लागत नाही. मात्र पीयूई उत्तम असलेले केंद्रही आपली सगळी उष्णता वाया घालवू शकते, कारण या गुणोत्तरात पुनर्वापराची गणतीच नाही. ही त्याची मोठी उणीव आहे.

खरी अडचण तापमानाची. हवेने थंड केलेल्या केंद्रातून मिळणारी उष्णता साधारण ३० अंशांच्या आसपासची, म्हणजे घरे तापवायला अपुरी. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या केंद्रातली गरम हवा पाण्याच्या नळ्यांवरून नेतात. ते कोमट झालेले पाणी शेजारच्या हीट पंप केंद्रात जाते. तिथे वीज खर्चून तापमान वाढवले जाते आणि ती उष्णता शहरातली घरे तापवणाऱ्या गरम पाण्याच्या जाळ्यात सोडली जाते. हे जाळे आधीपासून होते, म्हणूनच योजना जमली. स्टॉकहोम आणि फिनलंडमधील मँटसॅला येथेही असेच घडले. उष्णता दूरवर नेणे परवडत नाही. गिऱ्हाईक जवळच लागते.

पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेले तर उष्णता अधिक तापमानाला हाती येते. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात २०१० मध्ये बसवलेला आयबीएमचा ‘ॲक्वासार’ संगणक ६० अंशांपर्यंतच्या पाण्यावर थंड राहत असे आणि त्याची उष्णता विद्यापीठाच्या इमारतींना मिळे.

जर्मनीने २०२३ च्या कायद्याने हा पुनर्वापर बंधनकारक केला. जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या मोठ्या केंद्रांना किमान १० टक्के ऊर्जा पुन्हा वापरात आणावी लागेल. जुलै २०२८ पासूनच्या केंद्रांसाठी हे प्रमाण २० टक्के आहे. काही सवलतीही त्यात आहेत.

आपल्याकडे नवी मुंबई परिसरातल्या ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटरांची दाटी आहे, पण तिथे घर तापवायची गरजच नाही. उष्णतेवर चालणारी शीतकरण यंत्रे, म्हणजे शोषण-चिलर, हा एक पर्याय ठरू शकतो. त्यांना साधारण ८० अंशांचे पाणी लागते, आणि हवेने थंड होणारे सर्व्हर तेवढी उष्णता देत नाहीत. त्यामुळे या पट्ट्यात सध्या हवेचे बंदिस्तीकरण, शीतकरणातली बचत आणि पाण्याचा जपून वापर यांनाच अधिक महत्त्व आहे.