कार्यकारिणी बदलली? चेंज रिपोर्टआधी पोचवही उघडा

निवडणूक झाली, हार-नारळ झाला, नव्या अध्यक्षांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरले. पण धर्मादाय कार्यालयाच्या अनुसूची-१ वर, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावे असतील, तर बँक सहीचा नमुना बदलून देत नाही आणि सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी देणारी कंपनी फाइल परत करते. नावे बदलून घेण्याचा मार्ग एकच: चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यालयाच्या भाषेत बदल अर्ज. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम २२ त्यासाठी आहे आणि अर्जाचा नमुना अनुसूची-३ मध्ये आहे.

अर्ज विश्वस्ताने, म्हणजे कार्यकारिणीतल्या सदस्याने करायचा, बहुधा सचिव करतात. मुदत बदल घडल्यापासून ९० दिवस. निवडणूक असेल तर सभेच्या तारखेपासून, विश्वस्त वारला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून मोजा. फक्त माणसे बदलली तरच अर्ज करायचा असे नाही. संस्थेचा पत्ता बदलला, जमीन घेतली, कुणी इमारत दान दिली, तरी तो लागतो.

इथे एक घोळ नेहमी होतो. आपल्याकडची वाचनालये, शिक्षण मंडळे, महिला मंडळे बहुतेक दोन कायद्यांखाली नोंदलेली असतात: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि हा १९५० चा. ज्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘एफ’ आहे, त्या अशा संस्था. १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी द्यावी लागते. ती दिली, शिक्का मिळाला, की सचिव निर्धास्त होतात. यादी वेगळी, चेंज रिपोर्ट वेगळा. पाच वर्षे नेमाने यादी दिलेली आणि चेंज रिपोर्ट एकही नाही, अशा संस्था मी पाहिल्या आहेत.

अर्जासोबत साधारणपणे हे जोडावे लागते: अनुसूची-१ चा ताजा उतारा, संस्थेची घटना, सभासद यादी, सभेची नोटीस व विषयपत्रिका, नोटीस पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, इतिवृत्त व ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे व ओळखपत्रे, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले, आणि शपथपत्र. मावळत्या विश्वस्तांनी ‘आमची हरकत नाही’ असे शपथपत्र दिले तर काम फार हलके होते.

या सगळ्यात अर्ज अडकतो तो नोटिशीच्या पोचेवर. गेल्या वर्षी धारूरकडच्या एका संस्थेची पोचवही, म्हणजे नोटीस मिळाल्याच्या सह्यांची वही, माझ्यासमोर आली. तेवीस सह्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच दिवशीच्या. त्यातले चार सभासद त्या तारखेला कारखान्याला गेलेले, म्हणजे ऊसतोडीला, थेट कोल्हापूरकडे. विरोधी गटाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या (आगाऊ रकमेच्या) पावत्याच आणून दाखवल्या. निवडणूक कदाचित खरीही झाली असेल, पण त्या पानाने सगळ्यावर पाणी फिरवले.

म्हणून बीड, धाराशिव भागातल्या संस्थांना माझे सांगणे असते की सभा दसऱ्याच्या आत उरका. दसरा-दिवाळीनंतर निम्मे सभासद फडावर असतात, पाठवलेली नोटीस ‘घर बंद’ शेरा घेऊन परत येते आणि कोरमही भरत नाही. हिशेब ३१ मार्चला बंद करणाऱ्या संस्थेचे लेखापरीक्षण तसेही सहा महिन्यांत, ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवे. तेच थोडे आधी आटोपले तर एकाच सभेत हिशेबही मंजूर होतो आणि निवडणूकही.

नोटीस कशी द्यायची, किती दिवस आधी, हे आपापल्या घटनेत पाहा. जुन्या घटनांमध्ये ‘यूपीसीने’ किंवा ‘रजिस्टर पोस्टाने’ असे असते. यूपीसी, म्हणजे पत्र टाकल्याचा टपाल खात्याचा दाखला, २०११ साली बंद झाली. रजिस्टर पोस्टही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. तेव्हा स्पीड पोस्टाच्या पावत्या आणि ट्रॅकिंगचे छापील उतारे जपून ठेवा. हातोहात दिली तर सहीखाली तारीख ज्याची त्यालाच लिहू द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज जोडीला ठीक, पण घटनेत तशी सोय नसेल तर त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पुढची वाट बरीच सरळ झाली आहे. विश्वस्तांची नावे-पत्ते बदलले असतील तर सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्त १५ कामकाजी दिवसांत बदल तात्पुरता स्वीकारू शकतात आणि हरकतींसाठी नोटीस काढतात. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर तोच आदेश कायम होतो. हरकत आली की चौकशी लागते, साक्षी-पुरावे होतात. निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत अपील करता येते.

९० दिवस उलटून गेले असतील तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्या. कारण खरे आणि पटण्याजोगे हवे. मुदतवाढ मिळाली तरी खर्चाची रक्कम भरावी लागते. मागच्या कार्यकारिणीचा रिपोर्टच दिलेला नसेल, तर आधी तो. साखळीतली एक कडी सुटली की नव्यांना निवडणारी सभा बोलावली कुणी, हा प्रश्न येतोच.

आदेश हाती आला की अनुसूची-१ ची प्रमाणित प्रत मागा आणि मगच बँकेत जा. त्याच आठवड्यात आयकर पोर्टलवरचा मुख्य माणूस, मोबाइल आणि ईमेलही बदलून घ्या, नाहीतर ओटीपी जुन्या सचिवांच्या फोनवर जात राहतो आणि ते फोन उचलत नाहीत. प्रमाणित प्रती दोन-तीन जास्तच काढा. बँक एक ठेवून घेते, परत देत नाही.